तुळसाक्काचे शेंगोळे

हुलग्याच्या शेंगोळ्यांत कोळंबी घालतात, असं मी सुट्टीत घरी जाऊन आईला सांगितलं, तेव्हा तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं. आम्ही अलिबागकडचे. कोळंबीचं काय करावं आणि काय करू नये हे आम्हाला बाहेरच्यानं शिकवावं लागत नाही, असा आमच्या अख्ख्या आळीचा समज. त्यात सोलापूरच्या माणसानं शिकवावं म्हणजे हद्दच झाली. "सोलापुरात मासे पोहतात कुठं, मिलच्या हौदात?" असं थोरला भाऊ म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. ज्यांनी तुळसाक्काच्या पुढ्यात बसून ते शेंगोळे खाल्ले नाहीत त्यांच्याशी वाद घालायचा नाही, असं मी तेव्हाच ठरवलं आणि आजतागायत पाळलं आहे.

तिशी नुकतीच लागली होती. शतकाची म्हणतो मी, माझी नव्हे. मी चांगला तरुण होतो. सोलापुरात एका शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि पेठेतल्या एका भोजनालयात जेवत होतो. तिथं सकाळी आमटी-भात आणि संध्याकाळी भात-आमटी, एवढाच काय तो फरक. काही महिने ती आमटी गिळली. मग एका बुधवारी मिलमागच्या बोळातून जाताना वास आला. कोळंबीची डोकी ठेचून त्यांचा रस चुलीवर चढवला की जो वास सुटतो, तो. आमच्याकडचा माणूस तो झोपेतही ओळखतो. मी वासामागं सरळ एका घरात शिरलो.

आत ओळीनं पाट मांडलेले, पाटांवर मिलमधली माणसं, आणि चुलीपाशी एक उंच, सावळी, हाडापेरानं दणकट बाई. अंगावर इरकली लुगडं, कपाळ मोकळं. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"कोण तुमी?"

"मास्तर आहे. शाळेत."

"मास्तर असा न्हाईतर मामलेदार असा, चपला भाईर."

ही आमची पहिली भेट. चपला बाहेर काढून मी जो आत आलो तो सोलापूर सोडेपर्यंत तिथंच जेवलो.

तुळसाक्का मूळची मंद्रूपच्या पलीकडची, भीमेकाठची. माहेर-सासर दोन्ही भोयांचं, नदीवर जाळं टाकणाऱ्यांचं. नवरा मिलमध्ये लागला म्हणून ती सोलापुरात आली, आणि अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तो गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ न्यायला आला होता. त्याला तिनं जेवू घातलं, गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी दारात चार पाट मांडून खानावळ सुरू केली. तो भाऊ, नागू त्याचं नाव, पुढं दर बुधवारी-शुक्रवारी ओल्या फडक्यात बांधलेल्या चिंगळ्या पाठवायचा. चिंगळ्या म्हणजे गोड्या पाण्यातली बारकी कोळंबी. आमच्या कोळंबीपुढं अगदीच किडमिडी; पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

तिचं शेंगोळे करणं बघत बसावं असं होतं. हुलग्याचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं, वाटलेला लसूण, जिरं, काळं तिखट, आणि हे सगळं अगदी घट्ट भिजवायचं. मग पालथ्या पाटावर त्याचा गोळा तळव्याखाली असा काही सरकायचा की बघता बघता करंगळीहून बारीक लांब सुरळी व्हायची. ती वळून टोकाला टोक चिमटलं की झालं शेंगोळं. हे चालू असताना अक्काचं लक्ष पाटाकडं कधीच नसायचं. ती रस्त्यानं जाणाऱ्याशी बोलायची, कुणाला रागवायची, हिशेब विचारणाऱ्या वाण्याला उडवून लावायची, आणि हात आपले वळत असायचे. डोक्यांचा रस फडक्यानं गाळून उकळायला ठेवलेला असे. त्यात शेंगोळे पडत, शिजून वर येत, आणि मग अगदी शेवटी चिंगळ्या. त्या पडल्या की भांडं खाली. "चिंगळीला चूल दाखवायची, शिजवायची न्हाय," असं ती म्हणे. आमच्याकडं कोळंबी रबरासारखी होईपर्यंत उकळणाऱ्या सगळ्या मावश्या-काकवा मला त्या वेळी आठवत.

तिचे नियम ठरलेले होते. जो आधी येईल त्याचा पुढचा पाट. पिऊन आलेल्याला ताट नाही, पण दारात बसवून ताक मिळेल. आणि सगळ्यात मोठा नियम तिनं स्वतःसाठी केलेला: शिजत असलेलं चाखायचं नाही. "चाखलं की उष्टं झालं. उष्टं कुणाला वाढायचं न्हाय." मग मीठ-तिखटाचा अंदाज? तर ती भांड्यावर वाकून वाफ तोंडावर घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, जरा कमी हाय. वासावरून तिला सगळं कळायचं. मी एकदा मुद्दाम परीक्षा घ्यायला बघितली, तर म्हणाली, "मास्तर, तुमची शाळा तिकडं."

एका कंत्राटदाराची गोष्ट अजून आठवते. बडं प्रस्थ होतं. त्यानं शेंगोळ्यांची कीर्ती ऐकून गड्याला डबा देऊन धाडलं. अक्कानं डबा परत केला. "डब्यात गेलं की शेंगोळ्याचा लगदा हुतोय. मालकाला म्हनावं, खायचं आसंल तर हितं या." गडी बिचारा घाबरला, हे मालकाला सांगायचं कसं? पण सांगितलं असावं, कारण पुढच्या बुधवारी टांगा बोळाच्या तोंडाशी उभा राहिला आणि जरीचा रुमाल बांधलेला तो गृहस्थ शेवटच्या पाटावर, सूतखात्यातल्या दोन पोरगेल्या माणसांच्या शेजारी, मांडी घालून बसला. दोन ताटं जेवला. एक शब्द बोलला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी मिलचा भोंगा व्हायच्या आधीच टांगा हजर, कारण काय, तर पुढचा पाट मिळावा. अक्कानं त्याला दिलाही. आधी आला होता ना.

दुसरी गोष्ट रामय्याची. तो विणकर, तेलुगू घरातला, मराठी मोडकंतोडकं बोलणारा. मिलमध्ये यंत्रात हात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण तो जेवायला येईना. घास नीट उचलता येईना, सांडायचं, आणि चारचौघांत डाव्या हातानं जेवायची त्याला लाज. अक्का त्याच्या घरी गेली आणि त्याला घेऊनच आली. त्या दिवशी ताटात बघतो तर शेंगोळे ही जाड जाड कडी, अंगठा आणि एका बोटानंसुद्धा उचलता येतील अशी. सगळ्यांच्याच ताटात. वामनराव म्हणून एक बार्शीचे जॉबर, म्हणजे मिलमधले मुकादम, होते, ज्यांना पृथ्वीवर काहीच पसंत नसे. ते म्हणाले, "अक्का, आज शेंगोळं जाड झालंय की."

"हात दुखतोय," अक्का म्हणाली.

तिचा हात कित्येक महिने दुखत राहिला. रामय्याचा हात सरावल्यावर एके दिवशी शेंगोळे पुन्हा बारीक झाले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि विचारायची आमची कुणाची छाती नव्हती. माणूस म्हणून मोठं असणं म्हणजे काय, हे मी शाळेत पोरांना बरंच शिकवलं. ते शिकवताना डोळ्यांपुढं ही बाई असायची.

मग अक्का मुदतीच्या तापानं पडली. खानावळ बंद झाली, भावजय येऊन राहिली, आणि आम्ही सगळे पोरके झाल्यासारखे गावभर जेवत हिंडलो. बरी होऊन ती पुन्हा चुलीपाशी बसली तेव्हा निम्मी झाली होती. आवाज मात्र तोच. आम्हाला वाटलं, निभावलं. एका दुपारी मी शाळेतून लवकर सुटून गेलो, तर तिनं ठेचलेल्या लसणाची वाटी माझ्या पुढ्यात धरली.

"ह्याला वास येतोय का?"

"येतोय की. डोळ्यांत पाणी येईल इतका."

"मला येत न्हाय," ती म्हणाली. "तापापासनं गेलाय. वास बी न्हाय, चव बी न्हाय. भाकरी खाल्ली काय आनि माती खाल्ली काय, एकच."

वैद्याला दाखवून झालं होतं. येईल म्हणत होता. कधी, ते त्याला ठाऊक नव्हतं. तिनं वाटी खाली ठेवली.

"भाईर कळलं तर संपलं, मास्तर. चव नसल्याल्या बाईच्या हातचं कोन खाईल? टेसनाकडं ती नवी खानावळ निघालीच हाय. मग मला नागूच्या दारात जाऊन बसायचं. भाऊ काय बोलायचा न्हाय. भावजय बी वाईट न्हाय. पन तिनं वाढायचं आनि मी खायचं, हे मला या जन्मात जमायचं न्हाय."

"मग मी काय करू?"

"रोज पहिलं ताट तुमाला. खावा आनि खरं सांगा. लोकं मला गोड बोलतील. तुमाला लाल रेघ मारायची सवय हाय."

असा मी अक्काची जीभ झालो. दिसायला तो मान होता: मास्तरांना पहिलं ताट! वामनराव त्यावरून मला जावईबापू म्हणत. खरं म्हणजे ते ताट उष्टं नव्हे, वाढलेलं होतं, म्हणून तिचा नियमही मोडत नव्हता. मी पहिला घास घ्यायचा, ती शेंगोळे वळत माझ्याकडं तिरक्या डोळ्यांनी बघायची, आणि मी हळूच सांगायचं, मीठ हवं, किंवा लसूण करपलाय. सांगितलेलं ती निमूट ऐकेल अशी आशा कुणी करू नये. "तुमच्या अलिबागचं मीठ हितं आनू नका, तितं समुद्र हाय तुमच्याकडं," असं सुनवायची, आणि माझी पाठ वळली की मीठ टाकायची. असे बरेच महिने गेले. कुणाला संशय आला नाही. माझ्या मनाला मात्र घोर होता, कारण रोज भोंगा व्हायच्या आत मी तिथं पोचलो नाही, तर ही बाई अंधारात चालल्यासारखी रांधणार, हे मला ठाऊक होतं.

आणि तसंच झालं. श्रावण सरला, गणपती उठले, महिनाभर अडवून धरलेली तोंडं मोकळी झाली. त्यानंतरचा पहिलाच बुधवार. नेमके त्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले, आणि ते काही हलेनात. तिकडं भीमेला पूर. पुरात नागूचं जाळं पडायचं नाही, चिंगळ्या यायच्या नाहीत. पण लोकांना बुधवारी शेंगोळे म्हणून सांगून ठेवलेलं. अक्कानं काय करावं? बाजारातून सुकट आणली. मुंबईकडून येणारी, वाळवलेली, खारवलेली बारीक कोळंबी. आमच्याकडची पोरगीसुद्धा ती सुकट दिसली की मिठाचा हात आखडते, कारण समुद्राचं सुकं आपलं मीठ बरोबर घेऊन येतं. अक्का नदीची. जन्मभर गोड्या पाण्यातलं रांधलेली. तिनं सुकट भिजवली, ठेचली, रस काढला, आणि नेहमीच्या मुठीनं मीठ घातलं. वाफ तोंडावर घेऊन तिला कळलं असतं. पण ती वाफ आता तिच्याशी बोलत नव्हती.

मी पोचलो तेव्हा माणसं जेवून गेली होती. तिनं माझं ताट वाढलं. पहिला घास घेतला आणि गिळायला मला तांब्या तोंडाला लावावा लागला.

"खारट?" तिनं विचारलं.

"फार."

ती माझ्या शेजारच्या पाटावर बसली. ती कधी पाटावर बसत नसे. "लोकं सारखं पानी मागत हुती," ती म्हणाली. "मला वाटलं, उकडतंय."

झालं होतं ते असं. समोर आलेल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, हे आमच्या सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. त्यातून अक्कानं वाढलेलं. आजारातून उठलेल्या अक्कानं. अख्खी ओळ ते मिठाचं पाणी मुकाट्यानं जेवली. कुणी टाकलं नाही. वामनरावांनीसुद्धा नाही, ते पुन्हा वाढून घेऊन जेवले, असं ती म्हणाली. मी म्हटलं, "हे तुमच्यावरच्या मायेनंच झालं. उद्यापासून मी चुकत नाही. कुणाला काही सांगायचं कारण नाही."

तिनं माझं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुमी एक दिवस न्हाय आला तर मी माणसांना मीठ चारलं. आनि त्यांनी माझ्याकडं बघून गिळलं. असं किती दिवस गिळतील? मला दया करून जेवनारी माणसं नकोत, मास्तर. त्यापरीस नागूचं दार बरं."

शुक्रवारी ती चुलीपाशी नव्हती. ओळ बसली, ताटं मांडली गेली, आणि अक्का हातात पळी घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. पदर नीट खोचलेला.

"परवा खारट झालं हुतं," ती म्हणाली. "माझ्या तोंडाची चव गेलीया. वास बी. तापापासनं. आतापातुर मास्तर चाखून सांगत हुते म्हनून निभलं. ज्याला चालंल त्यानं बसावं. ज्याला न्हाय चालनार त्यानं उठावं, माझा राग न्हाय."

ती आमच्यापैकी कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हती. वामनराव खाकरले.

"म्हंजे परवाचं खारट हुतं, ते खारटच हुतं तर. मी आपला घरी जाऊन जीभ दाखवली बायकोला."

कुणीतरी हसलं. मग रामय्या म्हणाला, "अक्का, वाढा. भूक लागलं." आणि तिनं वाढलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. काही जण टेसनाकडं गेले ते गेलेच. पण ओळ मोडली नाही. पहिलं ताट आता माझ्या एकट्याचं राहिलं नाही. आधी येईल त्याचं झालं, आणि तिथून खरी धमाल सुरू झाली. इतके दिवस मिठाबद्दल अवाक्षर न काढणारी माणसं एकदम तज्ज्ञ झाली. एकाला मीठ कमी, दुसऱ्याला जास्त, वामनरावांना दोन्ही. कंत्राटदारसुद्धा रुमाल बाजूला ठेवून लसणाविषयी मत देऊ लागला. अक्का चिडायची, पळी आपटायची, "एवढी तोंडं कुटं हुती रं तुमची परवा?" म्हणायची. पण चुलीवरचं मात्र त्यांच्या सांगण्यानं बदलायची. खानावळ चालली. नागूच्या दारात तिला जावं लागलं नाही. स्वतःचं उणं चारचौघांत उभं राहून सांगणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही फारसं पाहिलं नाही. मला ती तेव्हा फार मोठी वाटली, आजही वाटते.

पुढं मला घराजवळ नोकरी मिळाली. जायच्या आधीच्या बुधवारी मी मुद्दाम लवकर गेलो. खानावळीत कुणी नव्हतं. पूर केव्हाच ओसरला होता, नागूच्या चिंगळ्या आल्या होत्या. अक्कानं मला वाढलं आणि समोर पाट पालथा घालून वळायला बसली.

"मास्तर, कसं लागतंय?"

"मीठ बरोबर आहे. तिखट जरा—"

"ते न्हाय. मीठ-तिखट समदेच सांगत्यात." ती खाली बघून वळत होती. "कसं लागतंय ते सांगा."

मी घास तोंडात धरून थांबलो. एवढ्या महिन्यांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही मागितलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना घोर होता तो आमच्या ताटाचा. तिच्या तोंडचं काय गेलं, याची चौकशी कुणी केली नव्हती.

मग मी सांगायला लागलो. म्हटलं, आधी लसूण येतो. मग काळ्या तिखटाची धग, ती घशाशी जाऊन थांबते. शेंगोळं वरून मऊ आहे, आत दाताला जरासं चिवट लागतं, आणि हुलग्याची ती मातकट चव जिभेवर राहते. मग चिंगळी.

"ती कशी?"

"गोडसर."

"किती गोड?"

"कोवळा हुरडा लागतो तेवढी."

"आनि रस्सा?"

"रश्शाला नदीचा वास आहे."

तिचा हात पाटावर थांबला. "गाळाचा का पान्याचा?"

"पाण्याचा."

"व्हय," ती म्हणाली. "माझी आई करायची, त्याला बी पान्याचाच यायचा." पिठाचे हात तसेच वर धरून तिनं मनगटानं डोळे पुसले. "परत सांगा की. चिंगळीपासनं."

मी परत सांगायला लागलो. तेवढ्यात भोंगा झाला आणि माणसं बोळातून येऊ लागली. वामनराव पुढं होते. त्यांनी आत पाहिलं, मी काय बोलतोय ते ऐकलं आणि मागच्यांना हातानंच थांबवलं. माझं सांगून होईपर्यंत ती सगळी भुकेली माणसं चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली.